मिशीचे चार हजार किलोमीटर

६ मे, रविवार. संध्याकाळ.

झार्कोच्या घरच्या संताचा दिवस, म्हणून सगळे त्याच्याकडे जेवायला. झार्को म्हणजे नादाचा, म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो. डुकराचं पिल्लू जास्त भाजलेलं, पाहुणे कच्चे.

बसचा विषय निघाला. मी म्हणालो, आमच्या पांचेव्होहून बेलग्रेडच्या ऑफिसला नेणारी बस म्हणजे माणसांची नाही, अपमानाची वाहतूक आहे. रोज पुलावर अडकते. कोणी खिडकी उघडली की मागून बायका ओरडतात, लावा, आरपार वारा येतोय, मान धरेल. हा देश तोफांना घाबरला नाही, पण दोन खिडक्यांमधल्या वाऱ्याला घाबरतो. बावीस वर्षं सहन केलं, आता बास. उद्यापासून सायकल. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर.

सगळे हसले. झार्को सगळ्यात जास्त. मी सांगितलं, पूर्वी आमचे बंडखोर संत जॉर्जच्या दिवशी रानात शिरायचे आणि संत दिमित्रीच्या दिवशी परतायचे. आज संत जॉर्ज. दिमित्री म्हणजे आठ नोव्हेंबर, माझ्या घरच्या संताचा दिवस. तोवर मी चार हजार किलोमीटर सायकल मारून दाखवीन. नाहीतर मिशी काढून देईन.

सगळे माझ्या मिशीकडे बघू लागले. या माणसांना अजून मिशीची किंमत कळते, एवढं तरी बरं. झार्को म्हणाला, "दाजी, चार हजार झाले तर मी माझी काढीन." त्याची मिशी पेन्सिलीने काढल्यासारखी आहे, पण ठीक. हातावर हात मारले.

सासूबाई (पेर्सिदा, वय सदुसष्ट) अक्रोड फोडत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, माझी सायकल न्या की. सवयीची आहे." पुन्हा हशा. मीही हसलो, सौजन्य म्हणून.

७ मे, सोमवार.

निघालो नाही. सायकल नाही.

मूर्ख माणूस तयारीविना निघतो. मी पाण्याच्या मीटरचा तपासनीस आहे. लोक मीटरला चुंबक लावतात, उलटं बसवतात, आत केस घालतात. आजवर मला एकही मीटर फसवू शकलेलं नाही. अशा माणसाने घाई करायची नसते.

संध्याकाळी सासूबाईंकडे गेलो. त्यांचं घर बेलग्रेडच्या रस्त्यावरचं शेवटचं. त्यांची ती सायकल पाहिली. काळी, जड, मागे टोपली, गिअर नाहीत. इकडच्या सपाट मुलखात म्हाताऱ्या डोक्याला रुमाल बांधून असल्या सायकलवर बाजाराला, चर्चला, दफनाला जातात. मी डोंगरातला आहे. माझ्या दृष्टीने हे सायकल चालवणं नव्हे, बसून चालणं आहे.

९ मे, बुधवार.

सायकल घेतली. सत्तावीस गिअर. सोबत हेल्मेट, मोजे, मागे गादी शिवलेली चड्डी. दुकानदार विचारत होता, घंटी लावू का. मी म्हणालो, घंटी म्हाताऱ्यांना. माझी नजरच पुरे.

झार्कोने पुढच्या चाकाला किलोमीटरचं मीटर बसवलं आणि स्क्रूवर बायकोचं लाल नेलपॉलिश फासलं, म्हणजे कोणी उघडलं तर कळेल. कल्पना वाईट नाही. माझ्याकडूनच ऐकली असणार.

नव्या सायकलीला छप्पर हवं. सासूबाईंची शेड सोयीची, पण तिच्यात ती काळी सायकल. भंगारवाला गल्लीतून जात होता, त्याला देऊन टाकली. सदुसष्टाव्या वर्षी रस्त्यावर फिरणं बरं नाही, हे कोणीतरी ठरवायला हवंच होतं. सासूबाई दारात उभ्या राहून भंगारवाल्याची गाडी वळेपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिला ब्रेक नव्हता. त्याला सांगितलंत ना?" बस्स. म्हातारपणी माणसं वस्तूंमधून मन काढून घेतात.

१० मे, गुरुवार.

निघालो होतो. पण वाटेतल्या खानावळीपाशी ओळखीचे तिघे बसलेले. नवी वस्तू घेतली की दोस्तांना राकिया, म्हणजे फळांची दारू, पाजून ती ओली करावी लागते, नाहीतर लाभत नाही. माझा विश्वास नाही. पण लोकांच्या भावना. एकाने चाकावरही थोडी ओतली.

ऑफिसला फोन करून सांगितलं की तांत्रिक अडचण आहे.

१४ मे, सोमवार.

गेलो. खरोखर गेलो. याची नोंद इतिहासाने घ्यावी.

पहिले आठ किलोमीटर उत्तम. नंतर ट्रक. बेलग्रेडकडे जाणारा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर हा शाळेत नापास झालेला आणि त्याचा सूड उगवणारा इसम आहे. पुलावर कडेला चालायची जी पट्टी आहे तिच्यावरून सायकल हातात धरून गेलो. भीतीने नाही. खालची डॅन्यूब बघण्यासाठी.

ऑफिसला पोचलो तेव्हा लोक दुसऱ्या कॉफीवर होते. मिलेवा, समोरच्या टेबलावरची, म्हणाली, "तिहोमिरराव, तुम्हाला कोणी मारलं का?" या बाईने आयुष्यात लिफ्टचं बटण सोडून काही दाबलेलं नाही.

परत येताना कांद्याच्या पातीच्या टेम्पोत बसून आलो. टेम्पोवाल्याला सोबत हवी होती.

१६ मे.

बसता येत नाही. उभ्याने लिहितोय.

१८ मे.

अजूनही. नादाने बाळांचं मलम दिलं. तिला म्हणालो, व्यावसायिक सायकलपटूंनाही हे होतं. ती म्हणाली, "अहो, त्यांना चाळीस किलोमीटरवर होत नसेल." बायकोला खेळातलं काही कळत नाही.

२१ मे, सोमवार.

दुसरी फेरी. अर्ध्यातून परत. समोरून वारा.

२२ मे.

पाठीमागून वारा. त्याचाही त्रास असतो, तोल जातो.

३० मे.

मीटर ११२. चार हजाराला अजून भरपूर वेळ. जून हा सायकलचा खरा महिना.

४ जून, सोमवार.

मूलभूत विचार केला. प्रश्न अंतराचा नाही, व्यवस्थापनाचा आहे. सकाळी दमून ऑफिसला पोचणं हा सरकारी वेळेचा अपव्यय. म्हणून नवी पद्धत. घरून हेल्मेट घालून सायकलवर निघायचं, म्हणजे गल्ली बघते. गावाच्या टोकाला सासूबाईंच्या शेडमध्ये सायकल ठेवायची. समोरच बसस्टॉप. हेल्मेट पिशवीत. संध्याकाळी उलटं. ही फसवणूक नाही, हा मिश्र प्रवास आहे. युरोपातल्या पुढारलेल्या शहरांत असंच करतात.

टायर बसू नयेत म्हणून सायकल तुळईच्या हुकाला टांगली, चाकं अधांतरी. सासूबाई हंसांना दाणे टाकत होत्या. त्यांना म्हणालो, सायकलला हवा लागू द्यायची आहे. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांना काही विचारायची सवय नाही, हा मोठा गुण.

किलोमीटरचं नंतर बघू. सुट्ट्या आहेतच.

५ जून.

पद्धत निर्दोष. बसमध्ये सर्वांत मागे बसतो, खिडकीला डोकं टेकलं की झोप लागते. उतरल्यावर कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी तोंडावर मारायचं, केस विस्कटायचे, हेल्मेट घालायचं, ऑफिसात शिरायचं. शिपाई उभा राहतो आता.

मिलेवा म्हणाली, "तुम्हाला घाम फक्त चेहऱ्यालाच येतो का?" मत्सर.

७ जून, गुरुवार. संध्याकाळ.

विचित्र प्रकार. मीटर २५१ दाखवतं. सोमवारी १३१ होतं, मला पक्कं आठवतं. सायकल तर हुकाला.

नेलपॉलिश तपासलं. शाबूत. चुंबक नाही. केस नाही. मीटर निर्दोष आहे, हे मी व्यवसायाने सांगू शकतो. मग चाक फिरलं कसं?

८ जून, शुक्रवार.

मीटर २९१. एका दिवसात चाळीस.

शेडमध्ये उभा राहून नीट पाहणी केली. दाराखाली फट. समोर खिडकी, काच फुटलेली. दोहोंच्या बरोबर मध्ये माझं पुढचं चाक, अधांतरी. मी बोट लावलं तर केवढा वेळ फिरत राहिलं. उत्तम बेअरिंग.

आरपार वारा. ज्याला हा सगळा मुलूख घाबरतो तोच वारा माझं चाक फिरवतो आहे. शेडमध्ये इतका वेळ उभा राहणारा मीच पहिला डोकेबाज माणूस, म्हणून लक्षात आलं.

हे नियमात बसतं का, यावर रस्ताभर विचार केला. अट मीटरची होती. पायांची नव्हती. शिवाय वारा ही निसर्गशक्ती आहे, जहाजं त्याच्यावर अमेरिकेला गेली आणि कोलंबसाला कोणी विचारलं नाही की तू स्वतः पोहलास का.

११ जून, सोमवार.

फट वाढवायला दाराखालची एक वीट काढली. सासूबाईंना सांगितलं, शेडची खिडकी कधीही बंद करायची नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाऱ्यात काही ठेवू नये म्हणतात. पण तुम्ही म्हणता तर राहू दे उघडी." अडाणीपणा किती खोल असतो बघा.

२० जून.

वारा नियमित आहे. शनिवार-रविवारी मात्र सायकल माझ्या घरी असते, म्हणून मीटर ढिम्म हलत नाही. सिद्धांत सिद्ध.

एक तक्रार. सीट रोज संध्याकाळी चार बोटं खाली गेलेली असते. चालवताना गुडघे हनुवटीला लागतात. दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणाला, साहेब, सीट आपोआप खाली जात नाही. म्हटलं, मला शिकवू नकोस, मी तपासनीस आहे.

चार दिवस वर केली. मग कंटाळलो. शेड ते घर एवढंच तर बसायचं असतं.

२ जुलै, सोमवार.

सायकलला घंटी. कोणीतरी घंटी बसवली आहे. पितळी, जुनी, छान आवाजाची. नादाशिवाय कोण? वरून टोचून बोलते पण ट्रकांची काळजी वाटत असणार. जेवताना तिचा हात हातात घेऊन म्हणालो, मला सगळं समजलं. तिच्या हातातला चमचा पडला आणि तिने दोनदा विचारलं, काय समजलं? लाजली.

६ जुलै.

पुलावर रोज कोणीतरी बसच्या अगदी जवळून घंटी वाजवत जातं आणि झोपमोड होते. बेलग्रेडमध्ये सायकलवाल्यांना शिस्त नाही. आमच्यासारख्या जबाबदार सायकलस्वारांचं नाव खराब होतं.

१७ जुलै, मंगळवार.

मिलेवा सांगत होती, बेलग्रेडच्या दोर्चोल भागात तिच्या बहिणीच्या गल्लीत एक म्हातारी रोज सकाळी येते, डोक्याला रुमाल, आणि सायकल थेट तुमच्यासारखी, महागातली. मी म्हणालो, चोरीची असणार. या शहरात म्हाताऱ्यासुद्धा सोडत नाहीत. पोलिसात कळवायला सांगितलं. ती हसत राहिली. या बाईच्या हसण्याला काही आगापिछा नसतो.

२५ जुलै.

सासूबाई खालावल्या आहेत. दुपारी जावं तर झोपलेल्या. गाल लाल, हे रक्तदाबाचं लक्षण. वजन उतरलंय. परवा गुणगुणत होत्या, म्हणजे आता मेंदूवरही परिणाम. नादाला म्हणालो, हिवाळ्यात त्यांना आपल्या मागच्या खोलीत आणू. एकटीने राहायचं वय नाही. नादा म्हणाली, आधी तिला विचारा. ज्यांच्यासाठी ठरवायचं त्यांनाच विचारलं तर ठरणार कसं?

त्यांना प्रेमाने सांगितलं की थोडं चालत जा, निदान चर्चपर्यंत. शरीर हलतं राहिलं पाहिजे. माझं उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बघूनच जीव धरून आहे, जावईबापू." डोळे पाणावले माझे.

६ ऑगस्ट, सोमवार. ग्रीस.

दहा दिवस समुद्रावर. सायकल शेडमध्ये टांगून आलो. इथे सगळे जर्मन सायकल चालवतात, उन्हात, लाल होऊन. दयनीय.

१७ ऑगस्ट.

परत. दहा दिवसांत मीटर पाचशेने पुढे. ऑगस्टमध्ये पान हलत नाही म्हणतात. हलतं. माहितीचा अभाव.

सायकल हुकाला उलट्या बाजूने टांगलेली दिसली. निघताना घाईत मीच टांगली असणार. हँडलला हंसाचं पीस आणि मागच्या पिशवीत बिस्किटाचा चुरा. हंस शेडमध्ये शिरतात, हे सासूबाईंना सांगायला हवं. बिस्किटं कोण देतं त्यांना?

१० सप्टेंबर.

ऑफिसात चौथ्या मजल्यावरच्या तरुण लोकांनी भाषणाला बोलावलं. विषय, इच्छाशक्ती. अर्धा तास बोललो. रोज चाळीस किलोमीटर, ट्रक, वारा. वाऱ्याबद्दल विशेष बोललो. म्हणालो, वाऱ्याशी झगडू नका, त्याला कामाला लावा. टाळ्या. एकाने विचारलं, वाटेतल्या त्या उखडलेल्या दीड किलोमीटरवर तुम्ही काय करता? मला अशा रस्त्याची कल्पना नव्हती. म्हणालो, जे तुम्ही करत नाही ते.

५ ऑक्टोबर, शुक्रवार.

कोशावा सुरू झाला. आमचा अधिकृत वारा, तीन दिवस, नाहीतर सात, नाहीतर एकवीस दिवस वाहतो असं लोक म्हणतात. कौलं उडाली. आता मीटर दिवसाला दोनशे दाखवणार. डॅन्यूबवर लाटा होत्या, पुलावर बस डुलत होती. मी झोपेत हसत होतो म्हणे.

संध्याकाळी. मीटर जिथल्या तिथे. शून्य.

८ ऑक्टोबर.

शून्य. वारा असा की शेडचं दार उडून हंसांच्या अंगावर पडलं. चाक मात्र फिरत नाही.

कारण सापडलं. वारा जास्त झाला की दोन्ही बाजूंनी सारखाच दाब येतो आणि चाक जागच्या जागी अडकतं. शास्त्र आहे. सासूबाई खिडकीत बसून बाहेर बघत होत्या, कंटाळलेल्या. म्हणाल्या, "असल्या वाऱ्यात कोण बाहेर पडणार?" म्हटलं, बसलायत का तुम्ही कधी सायकलवर कोशावात? त्या म्हणाल्या, "तेच म्हणते."

१२ ऑक्टोबर.

वारा थांबला. मीटर चाळीसने पुढे. म्हटलं नव्हतं?

२६ ऑक्टोबर.

३७९०. झार्को भेटला. मीटर बघून त्याचा चेहरा उतरला. हँडल चाचपलं, चेन चाचपली, म्हणाला, "चेनला तेल कोण घालतं, दाजी? मस्त घातलंय." म्हटलं, कोण घालणार? मी तेल घातलेलं नाही, पण चांगल्या चेनला आतून तेल असतंच. त्याने चेनला पुन्हा बोट लावून बघितलं. हरणाऱ्या माणसाची चिकित्सा.

बिचारा आरशात मिशी बघून घेत असेल.

७ नोव्हेंबर, बुधवार.

४०४३. शेवटचे काही दिवस मी स्वतः गल्लीत दोन फेऱ्या जास्त मारल्या, म्हणजे कोणाचं ऋण नको.

नादा पहाटेपासून कोबीच्या पानांत खिमा गुंडाळतेय. मी भाषण लिहितोय.

८ नोव्हेंबर, गुरुवार. माझ्या घरच्या संताचा दिवस.

सगळं लिहून ठेवतो. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही म्हणून.

माणसांनी घर भरलेलं. मेणबत्ती, संताची पोळी, उकडलेला गोड गहू, राकिया. जेवणाआधी सायकल अंगणात आणली. झार्कोने सर्वांसमोर वाचलं, चार हजार त्रेचाळीस. नेलपॉलिश तपासलं. शाबूत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. झार्को शब्दाला जागला, हे मान्य. खुर्ची मागवली, वाटीत साबण घोळवला, ओठावर फेस लावून वस्तऱ्याला हात घातला.

मी हात वर केला. विजेत्याने दोन शब्द बोलायचे असतात. इच्छाशक्ती, ट्रक, वारा, सगळं झालं. शेवटी मन मोठं करून घोषणा केली की माझ्या या यशात सासूबाईंच्या शेडचाही वाटा आहे, आणि म्हणून आता त्या एकट्या राहणार नाहीत. सोमवारी त्यांचं सामान आणू. आमची मागची खोली. या वयात घराबाहेर पाऊल टाकायची गरजच नाही.

सासूबाई अक्रोड फोडत होत्या. शेवटचा फोडला, टरफल गोळा केलं.

"साबण पूस, झार्को," त्या म्हणाल्या. "ते किलोमीटर माझे आहेत."

कोणीतरी हसलं. सासूबाई उठल्या, सायकलवर बसल्या. सीट अगदी त्यांच्या उंचीची. पाय जमिनीला बरोबर टेकले. त्यांनी घंटी वाजवली. मला तो आवाज ओळखीचा वाटला, आणि त्याच क्षणी काय काय ओळखीचं वाटू लागलं ते लिहीत नाही.

म्हणाल्या, माझी सायकल भंगारात दिलीत, म्हणून तुमची घेतली. घंटी तेवढी मी माझ्या सायकलची आधीच काढून ठेवली होती. रोज तुम्ही बसमध्ये चढलात की मी निघते. बस मला पुलावर सापडते. "काचेला डोकं लावून झोपलेले असतात, हेल्मेट मांडीवर. घंटी वाजवते, पण उठत नाहीत."

मी म्हणालो की शेडमध्ये वारा येतो. एवढंच सुचलं. खिडकीपासून दारापर्यंत, चाक अधांतरी. लोक माझ्याकडे बघत होते. झार्कोच्या ओठावर फेस तसाच होता आणि तो थरथरत होता. मला वाटलं संतापाने. हसत होता.

मग नादाने विचारलं, "आई, पण तू रोज बेलग्रेडला करतेस काय?"

सासूबाई सायकलवरच बसून म्हणाल्या, "दोर्चोलला स्पासोये म्हणून आहे. ट्राम चालवायचा, आता रिटायर झालाय. बायको जाऊन सहा वर्षं झाली. कॉफी चांगली करतो. मी बिस्किटं नेते." मग जरा थांबून, "आणि मी मागच्या खोलीत येत नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात मिशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. नादा रडत होती आणि हसत होती. झार्को फेसासकट विचारत होता, कोण स्पासोये, कुठला स्पासोये, ट्राम किती नंबरची. शेजारीण सासूबाईंच्या गळ्यात पडली. कोणीतरी राकिया ओतली, स्पासोयेच्या नावाने प्यायले. माझ्या संताच्या दिवशी.

मी साबणाची वाटी हातात घेऊन उभा होतो. झार्कोला म्हणालो, आता माझी. तो म्हणाला, "दाजी, नंतर बघू, आधी हे ऐकू द्या." दुसऱ्यांदा म्हणालो. तो म्हणाला, "राहू द्या हो. काय करायची आहे मिशी."

माझी मिशी. सैन्यात असताना ठेवलेली. वडिलांना होती तशी. काय करायची आहे.

मी न्हाणीघरात गेलो आणि स्वतः काढली. शब्द म्हणजे शब्द, निदान एकाने तरी पाळायला नको? कापलं दोन ठिकाणी. बाहेर आलो, टेबलाशी बसलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. नादाने माझ्या ताटात वाढलं आणि पुन्हा आईकडे वळली.

एकट्या सासूबाईंनी बघितलं. जवळ आल्या, डोक्याचा रुमाल सोडला, माझ्या हनुवटीखालून ओठावर बांधला. म्हणाल्या, "नवा ओठ आहे. वारा लागेल."

९ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ, बसमध्ये.

गुडघ्यावर लिहितोय. सायकल शेडमध्ये सोडली. टांगली नाही, भिंतीला टेकवली. सीटला हात लावला नाही.

झोप नाही. ओठ गार. मागच्या सीटवरची बाई पोराला म्हणाली, आजीला जागा दे. मी बसलो. रुमालावर फुलं आहेत.

सोमवारपासून पायी जाण्याचा विचार आहे. चालण्यासारखा व्यायाम नाही. निदान बसस्टॉपपर्यंत.

पूल. बस थांबली. खाली डॅन्यूब, शांत, वाऱ्याचा पत्ता नाही. मी खिडकी थोडी उघडली. कोणी ओरडलं नाही.

घंटी. मागून, जवळ येत. मी वहीत डोकं घातलं. खिडकीशी येऊन चाक थांबलं. मग काचेवर टकटक. वर बघितलं तर सासूबाई, एक पाय कठड्याला टेकवून, डोक्याला नवा रुमाल, टोपलीत बिस्किटांचा डबा. टोपली कधी बसवली कोण जाणे. त्यांनी हाताने खूण केली, खिडकी लावा. मी लावली. मग दुसरी खूण, रुमाल वर.

मी रुमाल नाकापर्यंत वर घेतला. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. ट्रकने त्यांना वाट दिली.

बस अजून तिथेच आहे.